गळती शोधणारा डॉक्टर

नाकाचा घोळणा फुटला की आपल्या घरी काय होतं? आजी टाळूवर गार पाणी थापते. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरतं. उन्हात हुंदडतोस म्हणून चार शब्द ऐकवले जातात आणि अर्ध्या तासात पोरगं परत मैदानावर. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तिथंच संपते.

काही घरांत मात्र ती संपत नाही. आजोबांचा घोळणा फुटायचा, वडिलांचा फुटतो, आता मुलीचाही फुटायला लागलाय. आमच्या अंगातच उष्णता आहे, असं म्हणून घरातले मोकळे होतात. वय वाढतं तसं वडिलांच्या ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसायला लागतात. पन्नाशीत ते पांढरेफटक पडतात, एक जिना चढला तरी धाप लागते. हिमोग्लोबिन सहावर आलेलं असतं. नाकातून तर एवढं रक्त गेलेलं नाही, मग गेलं कुठं?

ते आतड्यात गेलेलं असतं. जिभेवर दिसतात तसलेच ठिपके जठरात आणि लहान आतड्यातही असतात. तिथून रक्त थेंब थेंब झिरपत राहतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

या आजाराचं नाव भलतंच लांबलचक आहे, हेरेडिटरी हेमरॅजिक टेलँजिएक्टेझिया. डॉक्टर मंडळी त्याला एचएचटी म्हणतात. साधारण पाच हजारांत एकाला तो असतो. जुन्या पुस्तकांत तो ऑस्लर-वेबर-रांद्यू डिसीज या नावानं सापडतो. त्यातला ऑस्लर म्हणजे विल्यम ऑस्लर. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रजी बोलणाऱ्या जगातला हा बहुधा सर्वांत नावाजलेला डॉक्टर. गंमत अशी, की ज्या आजाराला त्याचं नाव लागलं, तो बरा करायला त्याच्या हातात जवळपास काहीच नव्हतं. तरीही आज आतड्यातली ही गळती बंद करायला डॉक्टर निघतात, तेव्हा त्यांची पहिली पावलं त्यानं आखलेल्या वाटेवरूनच पडतात.

शाळेतून हाकललेला विली

विल्यमचा जन्म १२ जुलै १८४९ चा, कॅनडातल्या बाँड हेड नावाच्या आडगावातला. वडील धर्मोपदेशक. जंगल तोडून नुकत्याच वसवलेल्या वस्त्यांमधून घोड्यावर फिरायचं, प्रार्थना घ्यायच्या, हे त्यांचं काम. नऊ भावंडांत विली आठवा. घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा.

विली हुशार होता, पण महाखोडकर. डंडास गावातल्या शाळेत त्यानं आणि त्याच्या टोळक्यानं वर्गात पाळीव हंसांचा कळप सोडला, बाकांचे स्क्रू काढून सगळी बाकं माळ्यावर नेऊन टाकली, अशा कहाण्या त्याच्या चरित्रांत आहेत. शेवटी शाळेनं त्याला घरी बसवलं. ही सवय त्याची मोठेपणीही सुटली नाही. जगप्रसिद्ध प्राध्यापक झाल्यावरसुद्धा एगर्टन यॉरिक डेव्हिस नावाचा एक निवृत्त लष्करी सर्जन कल्पनेतून उभा करून, त्याच्या नावानं तो वैद्यकीय मासिकांना चक्रम पत्रं पाठवायचा. आजच्या भाषेत, फेक अकाउंट.

वेस्टनच्या शाळेत मात्र त्याला जॉन्सन नावाचे धर्मगुरू भेटले आणि सगळं बदललं. जॉन्सनना सूक्ष्मदर्शकाचं वेड. डबक्यातलं पाणी, शेवाळ, किडे, जे मिळेल ते काचेवर घ्यायचं आणि बघत बसायचं. विलीला ते वेड लागलं ते कायमचं. १८६७ मध्ये तो टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला तो वडिलांसारखा धर्मोपदेशक व्हायला. वर्षभरातच त्यानं वाट बदलली आणि वैद्यकाला प्रवेश घेतला. पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८७२ मध्ये तो डॉक्टर झाला.

रक्तातला तिसरा भिडू

पदवी घेतल्यावर ऑस्लर युरोपात गेले. लंडन, बर्लिन, व्हिएन्ना. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत १८७३ मध्ये ते रक्त बघत बसले होते. लाल पेशी माहीत होत्या, पांढऱ्या माहीत होत्या. त्यांच्याबरोबर कणांचे बारीक पुंजके दिसायचे. ते पुंजके आधीही काहींनी पाहिले होते. अनेकांना तो नुसता कचरा वाटे. ऑस्लरनी एक पाऊल पुढं जाऊन बघितलं. जिवंत रक्तवाहिनीच्या आत हे कण सुटे सुटे फिरतात आणि रक्त शरीराबाहेर आलं की एकमेकांना चिकटतात. १८७४ मध्ये त्यांनी हे छापलं. तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते.

ते कण म्हणजे प्लेटलेट्स. डेंग्यूच्या दिवसांत घराघरांत ज्यांचा आकडा विचारला जातो, त्याच. रक्त थांबवण्यात त्यांचं काम काय, हे इटलीच्या बिझ्झोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखवलं.

हे इथं सांगायचं कारण म्हणजे, पुढं ऑस्लरना जे रुग्ण भेटणार होते त्यांच्या रक्तात खोट नव्हती. प्लेटलेट्स ठीक, रक्त गोठतंही नीट, तरी रक्तस्राव थांबत नाही. पाणी चांगलं आहे, पाइप फुटका आहे. हा फरक ओळखायला रक्ताकडे इतकं बारकाईनं पाहिलेला माणूसच हवा होता.

पुस्तक मिटा, वॉर्डात या

मॅकगिलला परतल्यावर ऑस्लर प्राध्यापक झाले. वय इतकं कमी, की विद्यार्थी आणि सर यांत फारसा फरक दिसत नसे. देवीच्या रुग्णांच्या वॉर्डात काम करून जे जादा पैसे मिळाले, ते त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक घेण्यात घातले. शवविच्छेदनं तर त्यांनी शेकड्यांनी केली. माणूस कशानं गेला, याचा अंदाज जिवंतपणी एक असायचा आणि उघडून बघितल्यावर खरं कारण भलतंच निघायचं. स्वतःच्या निदानावर फार विश्वास ठेवायचा नाही, हा धडा त्यांनी त्या टेबलाशी घेतला.

१८८४ मध्ये ते फिलाडेल्फियाला गेले आणि १८८९ मध्ये बाल्टिमोरला. तिथं जॉन्स हॉपकिन्स हे नवं कोरं रुग्णालय उघडत होतं. ऑस्लर तिथले मुख्य फिजिशियन.

त्या काळी अमेरिकेत डॉक्टरकी शिकायची म्हणजे बहुतेक ठिकाणी बाकावर बसून व्याख्यानं ऐकायची. खरा रुग्ण हाताळल्याशिवायही पदवी मिळायची. विचार करा, पोहण्याचा डिप्लोमा, पण पाण्यात कधी उतरलेलं नाही. ऑस्लरनी विद्यार्थ्यांना वॉर्डात आणलं. प्रत्येकाच्या वाट्याला काही रुग्ण. त्यांची हकीकत लिहायची, रक्त-लघवी स्वतः तपासायची, राउंडला सगळ्यांसमोर मांडायची. आज आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजात केस घेणारा प्रत्येक विद्यार्थी याच परंपरेतला.

केस घेणं म्हणजे काय? रुग्णाला बोलू द्यायचं, पूर्ण ऐकायचं, अंग नीट बघायचं आणि घरच्यांबद्दल विचारायचं. ऐकायला साधं वाटतं. पण एक अख्खा आजार यातूनच सापडला.

१९०१ चं दोघा भावांचं कोडं

१९०१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या बुलेटिनमध्ये ऑस्लरचा एक छोटा लेख आला. विषय होता, घराण्यात चालत आलेला, वारंवार होणारा नाकाचा रक्तस्राव आणि त्याच्या जोडीला त्वचेवर आणि आतल्या अस्तरावर दिसणारे फुगलेल्या रक्तवाहिन्यांचे ठिपके. रुग्ण फक्त तीन. त्यांतले दोघं सख्खे भाऊ.

नाकातून रक्त येणारी घराणी त्याआधीही डॉक्टरांना भेटली होती. लंडनच्या बॅबिंग्टन यांनी १८६५ मध्येच अशा एका घराण्याची नोंद केली होती. पॅरिसच्या आंरी रांद्यू यांनी १८९६ मध्ये एका रुग्णाच्या अंगावरचे ठिपके आणि रक्तस्राव यांची सांगड घातली आणि हा हिमोफिलिया नव्हे, असं सुचवलं होतं. तरी घराण्यात रक्तस्राव चालत आलेला दिसला की डॉक्टर हिमोफिलियाचा शिक्का मारून मोकळे व्हायचे.

ऑस्लरनी तिन्ही धागे एकत्र बांधले. नाकातलं रक्त, अंगावरचे ठिपके आणि घराणं. नाक, ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, सगळीकडे त्याच जातीचे ठिपके आहेत, म्हणजे दोष रक्तात नसून रक्तवाहिन्यांच्या बांधणीत आहे आणि तो पिढीजात आहे. १९०७ मध्ये त्यांनी याच विषयावर पुन्हा लिहिलं, त्याच वर्षी लंडनच्या फ्रेडरिक पार्क्स वेबर यांनीही लिहिलं. १९०९ मध्ये फ्रेडरिक हेन्स यांनी आजचं लांबलचक नाव दिलं.

ठिपका म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. शाळेत आपण शिकलोय, हृदयाकडून रक्त आणणारी रोहिणी आणि परत नेणारी नीला. दोघींच्या मध्ये केसांहून बारीक केशवाहिन्यांचं जाळं असतं. रोहिणीतलं रक्त जोरात येतं, जाळ्यातून जाताना त्याचा जोर ओसरतो, मग ते नीलेत शिरतं. एचएचटीमध्ये जागोजागी हे मधलं जाळंच नसतं. जोराचं रक्त थेट पातळ भिंतीच्या वाहिनीत घुसतं. ती फुगते, वेडीवाकडी होते आणि जराशा धक्क्यानं फुटते. नाकात वाऱ्यानं सुकून फुटते. आतड्यात ती नाजूक अस्तराखाली असते आणि तिथून रक्त हळूहळू पाझरतं.

औषध नाही, हे कबूल करणारा माणूस

मग ऑस्लरनी या रुग्णांवर उपचार काय केले? नाकात बोळा घालणं, दिसणारी जागा डागणं, लोह देणं, यापलीकडं त्या काळी फारसं काही नव्हतंच. रक्त चढवणं हा जुगार होता. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला तो त्याच १९०१ सालात. तो रोजच्या व्यवहारात यायला आणखी वर्षं गेली. आणि पोटाच्या आत कुठं गळतंय, हे जिवंत माणसात बघायची सोय नव्हती.

औषध नसेल तर नाही म्हणायचं, हा ऑस्लरचा स्वभाव. १८९२ मध्ये आलेलं त्यांचं मेडिसिनचं पाठ्यपुस्तक जगभर गाजलं. त्यात आजारांची वर्णनं अप्रतिम होती, पण बऱ्याच आजारांपुढे उपचार म्हणून जे काही होतं त्याचा अर्थ एवढाच, की खात्रीचं औषध नाही. बाजारातल्या असंख्य बाटल्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्यावर टीकाही झाली. रुग्णाला धीर द्यायचा सोडून हा माणूस हात वर करतो, असं काहींना वाटायचं.

पण याच प्रामाणिकपणानं एक कमाल केली. १८९७ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक गेट्स नावाच्या गृहस्थांनी हे पुस्तक वाचलं. ते डॉक्टर नव्हते, तेलसम्राट रॉकफेलर यांचे सल्लागार होते. इतके आजार आणि इतकी थोडी औषधं, हे वाचून ते हादरले. संशोधनाला पैसा द्यायलाच हवा, हे त्यांनी रॉकफेलरना पटवलं. त्यातून न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट उभी राहिली, तीही १९०१ मध्ये. लँडस्टायनर पुढं तिथंच काम करायला गेले.

विनोद अंगाशी आला

१९०५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठानं ऑस्लरना मानाची रीजियस प्रोफेसरकी दिली. बाल्टिमोर सोडताना त्यांनी निरोपाचं भाषण केलं. जगातलं खरं नवं काम माणसं चाळिशीच्या आत करतात, असा त्यांचा सूर होता. बोलता बोलता त्यांनी एका जुन्या कादंबरीचा हवाला देत साठीनंतर क्लोरोफॉर्म द्यावा, अशी गंमत केली.

दुसऱ्या दिवशी पेपरांनी तीच गंमत मथळ्यात चढवली. प्रसिद्ध डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्यांना क्लोरोफॉर्म द्या! संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांच्या नावावरून इंग्रजीत एक क्रियापदसुद्धा तयार झालं, ऑस्लराइज करणं. भाषणाची क्लिप कापून व्हायरल करायला मोबाइल लागत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं. ऑस्लर स्वतः त्या वेळी ५५ वर्षांचे होते.

ऑक्सफर्डमधलं त्यांचं घर विद्यार्थ्यांसाठी सताड उघडं असायचं. कॅनडा-अमेरिकेहून आलेली पोरं हक्कानं जेवायला यायची. त्या घराला ओपन आर्म्स असं नावच पडलं. १९११ मध्ये त्यांना बॅरोनेट किताब मिळाला, म्हणजे ते सर विल्यम झाले.

रिव्हिअर

ऑस्लरनी लग्न उशिरा केलं, १८९२ मध्ये. पत्नी ग्रेस. पहिलं मूल आठवडाभरातच गेलं. १८९५ च्या डिसेंबरात दुसरा मुलगा झाला, एडवर्ड रिव्हिअर. पुस्तकं आणि मासेमारी यांत रमणारा शांत मुलगा. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो तोफखान्यात अधिकारी म्हणून गेला.

ऑगस्ट १९१७ च्या अखेरीस बेल्जियममध्ये इप्रजवळ त्याच्या तुकडीवर तोफगोळा पडला. छातीत, पोटात, मांडीत तुकडे घुसले. त्याला जवळच्या लष्करी रुग्णालयात आणलं गेलं. ऑस्लरचे जुने सहकारी हार्वी कुशिंग जवळपासच होते, ते धावत आले. आणखी नामवंत अमेरिकी सर्जन जमले. त्याला रक्त दिलं गेलं. मध्यरात्री पोट उघडलं तेव्हा मोठ्या आतड्याला दोन छिद्रं होती आणि आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतून स्राव चालला होता. त्या काळी जे शक्य होतं ते सगळं झालं. ३० ऑगस्टला पहाटे तो गेला. वय २१.

ऑस्लर पुढंही वॉर्डात जात राहिले, विद्यार्थी घरी येत राहिले. पण जवळच्यांना कळत होतं, आतून माणूस मोडलाय. १९१९ मध्ये त्यांना न्यूमोनियानं गाठलं, छातीत पू झाला, शस्त्रक्रिया झाली. २९ डिसेंबर १९१९ ला, सत्तराव्या वर्षी, ते गेले. त्यांचा सुमारे आठ हजार पुस्तकांचा संग्रह त्यांनी मॅकगिलला दिला. त्यांच्या अस्थी आज त्याच ग्रंथालयात, पुस्तकांच्या सहवासात आहेत.

सहा मीटर अंधार

ऑस्लर गेले आणि आजाराचं नाव राहिलं. उपचार यायला मात्र बराच काळ लागला. मुख्य अडचण लहान आतड्याची. पाच-सहा मीटर लांब, वेटोळी घालून बसलेली नळी. तोंडावाटे घातलेली साधी दुर्बीण जठर ओलांडून थोडी पुढं जाते. खालून घातलेली मोठं आतडं बघते आणि थांबते. मधला मोठा पट्टा अंधारातच राहायचा.

तो उजळला २००० च्या आसपास. गॅव्रिएल इडान हे इस्रायलचे क्षेपणास्त्रांवर काम केलेले इंजिनिअर. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गिळायचा कॅमेरा बनवला. मोठ्या गोळीएवढी, साधारण २६ मिलिमीटर लांब कॅप्सूल. पाण्याबरोबर गिळायची, कमरेला रेकॉर्डर बांधायचा. आतड्याच्या हालचालीनं ती पुढं सरकते आणि आठेक तास फोटो काढत राहते, हजारोंनी. ठिपके कुठं आहेत, किती आहेत, कुठला गळतोय, हे पहिल्यांदा बिनाचिरफाड दिसलं. अर्थात आतडं कुठं आकसलेलं असेल तर कॅप्सूल अडकू शकते, म्हणून ती आधी खातरजमा करूनच देतात.

कॅप्सूल फक्त बघते, दुरुस्ती करत नाही. ते काम जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांच्या डबल बलून दुर्बिणीनं साधलं. लांब दुर्बीण, तिच्यावर एक नळी, दोन्हींच्या टोकाला फुगे. एक फुगा फुगवून आतडं पकडायचं, दुसरी पुढं सरकवायची, मग पकड बदलायची. पायजम्यात नाडी ओवताना आपण कापड जसं चुण्या करत मागं घेतो, तसं आतडं दुर्बिणीवर गोळा होत जातं. ठिपक्यापाशी पोचलं की आर्गॉन वायूचा झोत सोडतात. त्या वायूतून वीज वाहते आणि अस्तराला न टेकता ठिपका वरच्यावर डागला जातो. लहान आतड्याची भिंत पातळ असते, त्यामुळं हात हलका ठेवावा लागतो.

म्हातारपणी होणाऱ्या अशाच विकृतीत, अँजिओडिस्प्लेझियात, मोजकेच ठिपके असतील तर हा डागण्याचा उपाय कामाला येतो. तिथंही पुन्हा गळती होऊ शकते. कधी मूळ दुखणं भलतीकडंच निघतं. हृदयाची महाधमनीची झडप आकसलेल्या वृद्धांमध्ये आतड्यातून रक्त जाताना एडवर्ड हाइड या अमेरिकी डॉक्टरांना दिसलं, ते त्यांनी १९५८ मध्ये नोंदवलं. अरुंद झडपेतून रेटलं जाताना रक्तातलं गोठायला मदत करणारं एक प्रथिन तुटतं. अशा काही रुग्णांत झडप बदलली की आतड्यातला रक्तस्राव थांबतो.

एचएचटीत मात्र नुसतं डागून भागत नाही. ठिपके खंडीभर, आज दहा डागले तर उद्या नवे. म्हणून आजचे तज्ज्ञ डागण्याचा वापर बेतानंच करतात आणि पायरी पायरीनं जातात. गळती थोडी असेल तर लोहाच्या गोळ्या आणि रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. गोळ्यांनी भागलं नाही तर लोह शिरेतून. तरीही हिमोग्लोबिन घसरत असेल, रक्त चढवावं लागत असेल, तर बेव्हासिझुमॅब. हे मूळचं कर्करोगाचं औषध. नव्या वाहिन्या फुटण्याचा जो संदेश शरीर देतं, तो ते अडवतं. २०२४ मध्ये पोमॅलिडोमाइड या आणखी एका गोळीची चाचणी प्रसिद्ध झाली. १४४ रुग्णांत नाकातला रक्तस्राव तिनं कमी केला. दोन्ही औषधांचे दुष्परिणाम आहेत आणि पोमॅलिडोमाइड गरोदरपणात पूर्ण वर्ज्य आहे, म्हणून देणारा डॉक्टर जाणता हवा.

चार खुणा

आता ऑस्लरकडं परत येऊ. १९९४ आणि १९९६ मध्ये या आजाराची दोन मुख्य जनुकं सापडली. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. पण निदान करायला आजही आधी वापरतात त्या चार खुणा, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या. वारंवार नाकातून रक्त, ओठ-जीभ-बोटांवर ठिपके, आतल्या अवयवांत रक्तवाहिन्यांचा दोष आणि आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला हाच आजार. तीन जुळल्या की निदान पक्कं. या चारांतल्या तीन खुणा १९०१ च्या त्या छोट्या लेखात आहेत, कुठल्याही यंत्राशिवाय हेरलेल्या.

आणि निदान पक्कं होणं ही निव्वळ नाव देण्याची गोष्ट नाही. ज्या वाहिन्यांचा दोष आतड्यात असतो, तोच फुप्फुसात आणि मेंदूतही असू शकतो. फुप्फुसातल्या दोषातून एखादी गुठळी थेट मेंदूत पोचून ऐन तारुण्यात पक्षाघात होऊ शकतो. वेळेत कळलं तर ती वाहिनी बारीक नळीतून आत जाऊन बंद करता येते. म्हणजे पन्नाशीतल्या वडिलांच्या काळ्या शौचाचा शोध घेतला, तर विशीतल्या मुलीचा जीव वाचू शकतो.

म्हणून दोस्तांनो, घोळणा फुटला तर घाबरू नका. पुढं वाका, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा, बहुतेकदा थांबेल. रक्त कमी असेल तर आपल्याकडं त्याची कारणं बहुधा आहारात किंवा पाळीत सापडतात. पण लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा खाली येत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, घोळणा सारखा फुटत असेल, तर नुसती टाकी भरत बसू नका. गळती कुठं आहे ते डॉक्टरांना शोधायला सांगा. आणि दवाखान्यात जायच्या आधी घरात एकदा विचारून घ्या, हे आणखी कुणाला होतं का? आजोबांना, आत्याला, काकांना? या चौकशीला पैसे पडत नाहीत आणि ऑस्लरना त्या दोघा भावांचं कोडं उलगडलं ते याच चौकशीतून.